पाच बाकं, तवसाळ जेटी

जेटीवर पाच बाकं आहेत. सिमेंटची.
खाऱ्या वाऱ्यानं कोपरे खाल्लेत,
चौथ्याच्या पोटातून गंजकी सळई बाहेर आलीय,
तिच्यावर आजवर चार लुगडी फाटली, आणि माझी एक पँट.
तिकीट देताना मी खिडकीतून सांगायचो,
सांभाळून बसा.

नारळी पुनवेला होड्या रंगल्या.
डब्यांच्या तळाशी राहिलं ते राहिलं :
निळा बोटभर, पिवळा जरा जास्त,
लाल साय धरलेला, काठीनं फोडायचा.
गणपतीची वर्गणी मागावी तसे
शाळेतली पोरं दारोदार फिरून डबे घेऊन आली.

मी म्हटलं, ऑइलपेंट आहे, तापेल.
दुपारच्या फेरीला कोण टेकणार?
कुणी ऐकलं नाही.
तिकीटवाल्याचं लोक
सुट्ट्या पैशांपुरतंच ऐकतात.

पहिल्या बाकावर सुरमई काढली.
तुळसा वासावे पाटी उतरवून बघत राहिल्या,
म्हणाल्या, हा बांगडा आहे.
मग बांगडाच ठेवला.
दुसऱ्यावर फेरीबोट,
तिच्या धुराड्यातून अबोलीचे वळेसर.
चौथ्याच्या सळईचा खेकड्याचा नांगा झाला,
आता माणसं आपणहून जपून बसतात.

तिसऱ्याशी काम अडलं.
तिसऱ्याच्या पाठीवर अक्षरं होती :
कै., मग खरवडलेलं काहीतरी,
मग खाली स्मरणार्थ.
इतकी वर्षं मी समोर बसतो,
मलाही नाव सांगता येईना.
ग्रामपंचायतीच्या वहीत नाही,
देवळात विचारलं, मोहल्ल्यात विचारलं.
कुणी म्हणालं खोत होता, कुणी म्हणालं मास्तर,
एक म्हातारा म्हणाला, बाई होती ती, बुडालेली.

होड्यांवर नावं लिहिणारे दाऊद खलफे
ब्रश धरून उभे.
"नाव कोनाचा लिवू?"
साठ वर्षांत हा प्रश्न
त्यांना कुणाला विचारावा लागला नव्हता.
भरतीचं पाणी दोन पायऱ्या चढलं.
शेवटी त्यांनी सिमेंट तसंच ठेवलं,
खाली निळ्यात, होडीच्या नाळेवर लिहितात
तशा वळणदार अक्षरात
तेवढंच लिहिलं : स्मरणार्थ.

रंग ओला आहे, अशी पाटी मी लावली.
शेळीला वाचता येत नाही.
ती पाचव्यावर चढली, पिवळ्यात,
आणि माझ्या खिडकीपर्यंत
खुरांची फुलं उमटवत आली.

दुपारी बाकं तापतात, मी म्हटलंच होतं.
लोक ओला पंचा टाकून बसतात.
तिसऱ्यावर मात्र
उघड्या सिमेंटच्या पट्टीला पाठ लावून
कुणी ना कुणी असतंच.
काल शेवटची फेरी सुटल्यावर
गल्ला मोजायचा सोडून मी जाऊन बसलो.
माझ्या भावाचं नाव तिथं बरोबर मावतं.
मग उठलो, कुलूप लावलं.
सुट्टे अकरा रुपये कमी भरले.