तिसऱ्या नंबरचा टॅपेट

एर्मेलिंडाबायची ओपेल
वर्षातून दोनदा येते बोरीला, माझ्या गॅरेजात.
एकोणसाठ सालची. मुरगावच्या धक्क्यावर
क्रेनला लोंबकळत उतरली तेव्हा
मी आईच्या पोटात होतो,
म्हणजे माझ्याहून थोडी थोरलीच,
आणि तिला अजून चष्मा लागलेला नाही.

येते म्हणजे, आणावी लागते.
चोक ओढायचा बोटभर. जास्त ओढला तर रुसते.
मग थांबायचं,
पोदेराच्या दारात पहिल्या पावासाठी थांबतात तसं.
ती खोकते, मागून निळा धूर सोडते
आणि अख्ख्या बोरीला कळतं,
रायची म्हातारी आली.

आज तिच्या शेजारी सुनेची गाडी.
पांढरी, विजेवरची, हिरव्या नंबरपट्टीची.
बॉनेट उघडला मी, उगाच,
पाहुण्याला पाणी विचारतात तसा.
आत झाकण. झाकणाखाली झाकण.
हात घालायचा कुठे?
"बाबा, त्यात बघण्यासारखं काही नाही," मयुरा म्हणाली,
आणि काय दुखतं ते गाडीनंच
काचेवर लिहून दिलं:
डाव्या मागच्या चाकात हवा कमी.
खरंच कमी होती. दोन पौंड.
चाळीस वर्षं मी चाकाला लाथ मारून
तेच सांगत आलो.

ओपेल काही लिहून देत नाही.
तिचा पेट्रोलचा काटा
मुक्तीच्या सालापासून टाकी रिकामीच दाखवतो.
ती फक्त वाजते.
टॅपेट सैल झाला तर सुपारी कातरल्यासारखी,
वॉटरपंप गेला तर
मांजर रात्रभर दाराबाहेर राहिल्यासारखी.
हे ऐकायला कान लागतो.

माझा उजवा गेला, सात वर्षं झाली.
डावाही त्याच्या मागून निघालाय, सावकाश.
गॅरेजात कुणाला ठाऊक नाही.
शाणूला वाटतं, मेस्त मुद्दामच ओ देत नाही.
मी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतो,
टोक इंजिनावर टेकवतो, मूठ दातांत धरतो,
आणि आवाज हाडांतून चढतो कवटीत:
एक, तीन, चार, दोन.
एक, तीन...
तिसरा सैल आहे.
वहाळाच्या तळाशी खडा हलावा, तेवढाच.

एर्मेलिंडाबाय स्टुलावर बसून हसली.
"मेस्त, तू तिचा मुका घेतोस की काय?"
(हे मी ओठांवरून वाचलं.)

संध्याकाळी मयुरानं मला लोटलीला घरी नेलं.
कळ दाबली. काहीच झालं नाही.
म्हणजे सगळं झालं होतं,
गाडी पुलावर पोचली होती.
खाली झुआरी, रेतीची एक होडी,
होडीत कुणीतरी पाठमोरा, विडी ओढणारा.
या पुलावरून शेकडो गाड्या चालवून पाहिल्या मी,
प्रत्येक वेळी आवाज मोजत,
पाणी आजच पाहिलं.

मयुरा काहीतरी म्हणाली.
काय?
तिनं वळून, मोठ्यानं:
"आवाजच नाही बघा हिला!
काही ऐकू येतंय तुम्हांला?"
नाही, मी म्हटलं.
"मलाही नाही!"

सात वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो
आणि पकडलो गेलो नाही.

दाढेत मात्र अजून थरथर होती,
सकाळची,
तिसऱ्या नंबरची.