टेकायची जागा

जिंतूरच्या तहसीलसमोर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल आहे. सत्तावीस वर्षं झाली.
आधी टाइपरायटर होता, मग कंप्युटर, मग लॅपटॉप,
आणि परवा भाच्यानं, अभिमन्यूनं, हैदराबादहून आणलं ते हे:
वर काच, खाली काच,
मधे बिजागरी.
"मावशी, बटणांचे दिवस गेले. ह्याच्यात धूळ जात नाही."

खरंय.
जिंतूरची धूळ जिच्यात जात नाही
अशी वस्तू मी पहिल्यांदाच बघायलेय.

रज्वी सर शिकवताना आमच्या हातांवर टॉवेल टाकायचे.
"उँगल्याँकू भी आँखाँ रहते, प्रयाग."
त्या टॉवेलच्या अंधारात मला
डाव्या तर्जनीखाली ऱ्हस्व वेलांटी सापडली,
उजवीखाली र.
पुढं कीबोर्ड आला, तर नेमक्या ह्याच दोन कळांवर
तिळाएवढी रेघ उठवलेली.
ज्यानं कुणी उठवली
त्याच्या हातांवरही कधीतरी टॉवेल पडला असणार.

वेलांटी आधी, अक्षर मागून, ही आमची उलटी रीत.
जिंतूर लिहायचं तर ज यायच्या आत तिला बसवून ठेवायचं.
रिकामं लिहायला मात्र बोटांना घर सोडावं लागत नाही,
म पुरतं एकदा उंबऱ्याबाहेर,
की परत.

काचेवर घरच नाही.
बोट नुसतं ठेवायचं नाही म्हणे, ठेवलं की उमटतं.
दहाच्या दहा वर धरायची, अधांतरी,
शेकोटीवर हात धरल्यासारखी.
दुपारपर्यंत खांदे भरून आले.
कळफलकातल्या कळा गेल्या,
मनगटातली राहिली.
"होईल सवय," अभिमन्यू म्हणला.
तो दोन अंगठ्यांनी लिहितो. त्याची बाकीची आठ बोटं
मोबाइलच्या पाठीमागं बसून असतात, बिनकामाची.

काल चारठाण्याची सोजरबाई मस्के आली.
आधारवर सोजर, राशनवर सोजरबाई, सातबाऱ्यावर सोजराबाई.
ह्या तिघी एकच,
असं शपथेवर लिहून पाहिजे होतं.
वय लिहिलं. गाव लिहिलं.
म्हणलं, लेकरं किती?
"तीन,"
आणि ती थांबली.

टपरीतलं मशीन एक पान टाकून गप झालं.
मी वाट बघत बसले. हात आपले आपण खाली टेकले,
माणूस बोलता बोलता थांबलं
की सत्तावीस वर्षं टेकत आलेत तसे.
"दोन लिहा," ती म्हणली.

खाली बघितलं तर तीनच्या पुढं
रररररररररररर
आणि मधे मधे वेलांट्या,
अक्षर न मिळालेल्या.
ती थांबली होती तेवढं सगळं
काचेनं लिहून घेतलं होतं.

तिला वाचता येत नाही. पण एकच एक अक्षर
ओळभर पळालेलं कुणालाही दिसतं.
"हे काय म्हणायचं?"
"काही नाही मावशी, बोट राहिलं माझं."
खोडायला गेले, तर खोडायची कळ बोटाला सापडेना,
डोळ्यांनी हुडकावी लागली,
आणि डोळे तर तिच्याकडं.

कागद निघाला. तिनं अंगठा उठवला, पैसे मोजले,
पाच रुपये कमी होते, म्हणलं राहू द्या.
शाई काचेलाही लागली होती.
ओल्या फडक्यानं पुसायला गेले
तर फडकंसुद्धा लिहायला लागलं: सयासयसा.
कोरड्या तोंडानं एकटीच हसले.

सांजेला टेबल उचलताना
पिशवीतून जुना कीबोर्ड काढला.
वायर कशालाच लावली नाही.
तर्जन्या तिळांवर ठेवल्या आणि बराच वेळ
काहीच लिहिलं नाही.
मग एकदा रिकामं लिहिलं. खटखट झाली,
उमटलं कुठंच नाही.

उद्या अभिमन्यूला विचारते,
ह्याची वायर त्या काचेला बसते का.