आवाजाचं बुजगावणं

न्यूलिनपासून चौदा मैलांवर
जाळं सोडून झालं, जाळ्याला बांधलेलं खोकंही.
'वाजतंय ना?' डेन्झिल ट्रेगेन्झाने विचारलं.
वाजत होतं, पाण्याच्या कानात.
मी पडद्यावरची थरथरती रेघ दाखवली.
रेघेवर विसंबायची त्याला सवय नाही.

पहाटे जाळं ओढलं
तर हेकची मुंडकी, नुसती मुंडकी,
अजून आश्चर्यात असल्यासारखी.

आणि तो.
डाव्या डोळ्यात फूल पडलेला म्हातारा सील,
मिशा निथळत,
मान पाण्याबाहेर काढून निवांत.
कान वर ठेवले की संपलं;
खालचा कल्लोळ खालीच.

मी लिहून घेतलं : अंतर, वेळ, किती किलोहर्ट्झ.
डेन्झिल हातमोजा पिळत म्हणाला,
'पूर्वी ह्याला जाळं शोधावं लागायचं.
आता खोकं वाजलं की येतो.
जेवणाची घंटा घेतलीय मी, हप्त्यांवर.'

हसावं की नाही, कळेना.
खोकं आमच्या कंपनीचं.

धक्का दिसू लागला तेव्हा
त्याने एक सणसणीत शिवी हासडली
आणि उरलेला एकमेव अख्खा मासा
त्या मिशांच्या दिशेने भिरकावला.

अहवालात मी हे घातलेलं नाही.