पुठ्ठा

श्कोदरच्या बोळात तीन मालक पाहिलेली मर्सिडीज.
पेट्रित रोज रात्री तिच्या पोटाखाली पुठ्ठा सरकवतो
आणि पहाटे, दात घासायच्या आधी, ओढून काढतो.
काळा डाग ऑइलचा, तांबूस गिअरबॉक्सचा.
हिरवा दिसला की महिन्याचा पगार गेला.

शेजारची द्रिता कॉफीचे कप उपडे घालून
लोकांची लग्नं सांगते.
तिनं आजचा पुठ्ठा उन्हात धरला, म्हणाली,
प्रवास आहे. पाण्यावरून. पण उशिरा.

"वॉटर पंप," पेट्रित म्हणाला.

सर्व्हिसच्या वहीत जर्मन शिक्के, दर सहा महिन्यांनी,
कुणा डॉक्टरबाईच्या सहीसकट,
मग एका मार्चपासून कोरी पानं.
तिथं त्यानं आपलं नाव लिहिलं,
पेन्सिलीनं.