मोज्यातली काडी

शिवलिंग सोलापूर स्टेशनात उतरला तेव्हा पारा त्रेचाळीस.
जहाजावर स्वयंपाकी आहे तो, गेली सहा वर्षं.
बॅगेत गंजीफ्रॉकात गुंडाळलेली एक बाटली.
"आत्ती, नेपल्सकडं हे उन्हाळ्यात पितात.
ऊन आपल्यासारखंच, फक्त बाजूला समुद्र."

नान्नजला दुपारची वीज नसते, फ्रिज म्हणजे नुसतं कपाट.
बाटली ओल्या गोणपाटात बांधून
मी माठाच्या बुडाशी पुरली,
पाझरानं माती काळी झालेली असते तिथं.
रात्री गच्चीवर चादरी घातल्या, त्याही तव्यासारख्या.
कडक भाकरी, शेंगाचटणी, चहाचे तीन ग्लास.
तिसरा बाबूलालभाई मुजावरांचा.
ते पीत नाहीत, नुसता वास घेतला,
डोळे मिटून म्हणाले,
"डिपिंगच्या आधीचा घड."

शिवलिंगनं नावं सांगितली, बोटं मोडत.
फालांगिना, म्हणजे खांबाला बांधलेली.
एक कोल्ह्याचं शेपूट, घड तसा लोंबतो म्हणून.
आणि एक काळं द्राक्ष, देठ लाल,
त्याला तिथली म्हातारी माणसं पारव्याचा पाय म्हणतात.
मी म्हटलं, नाव ठेवणारा बागेत बसून होता बे,
बराच वेळ, काही काम नसल्यासारखा.
आमची नावं बघ: सोनाका, माणिक चमन.
दाखवायला आणलेल्या पोरीच्या अंगावर
शेजारणीचे दागिने घालावेत तशी.

पहिला घोट आंबट.
मग लिंबाची साल, नखानं खरवडलेली.
मग काहीच नाही.
मग जिभेच्या कडेला मीठ.
"समुद्राचं," तो म्हणाला.

मी समुद्र पाहिलेला नाही.
पण हे मीठ माझ्या ओळखीचं आहे.
बोअरच्या पाण्यानं हंड्याच्या गळ्याशी चढतं ते,
ड्रिपच्या भोकात बसतं,
ॲसिड सोडून काढावं लागतं.
वेल हेच पिते वर्षभर
आणि आम्ही तिच्याकडं साखर मागतो.
अठरा भरली की व्यापारी दारात,
सतरा भरली तर फोनसुद्धा उचलत नाही.
आंबटपणाला कुठंतरी गिऱ्हाईक आहे
हे मला एकोणसाठ वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

अर्धा ग्लास झाल्यावर त्यानं मोजा काढला.
मोज्यात ओला कापूस, कापसात काडी. चार डोळे.
"कुठली?" "कोल्ह्याची. एका म्हाताऱ्यानं दिली.
मी त्याला तुझ्या हातांबद्दल सांगितलं."
मी नखानं साल खरवडली.
आत हिरवी रेघ असावी लागते.
तपकिरी होती.

तरी पहाटे डॉगरिजच्या खुंटावर पाचर मारली,
पट्टी आवळली, टोकाला मेण लावलं.
बाबूलालभाई पाट्या टेकवून उभे.
"ताई, मे महिना आहे."
"ठाऊक आहे."
"काडी मेलीय."
"ठाऊक आहे की."
मग ते गेले आणि टँकरच्या पाण्यातली
अर्धी बादली घेऊन आले.

तेराव्या दिवशी फूट आली.
पट्टीच्या खालून, खुंटाची स्वतःची,
रानटी, रुंद पानांची, कुणी न बोलावलेली.
कात्री माझ्या कमरेला होती.
दोन दिवस मी त्या ओळीत गेलेच नाही.
तिसऱ्या दिवशी गेले आणि कापली.

रिकामी बाटली करडईच्या तेलाला झाली.
चिठ्ठी तेवढी मी भिजवून सोडवली,
तिच्यावर डोंगर आहे, खाली निळी रेघ.
आता पंचांगात असते.

आषाढात त्याचा फोन आला, मागं इंजिनची घरघर.
"आत्ती, जगली का?"
"नाही. पुढच्या वेळी माघात आण,
काडी झोपेत असताना.
आणि शिवलिंगा,
मोजा तेवढा धुतलेला घे."