दारी

शनिवारी दुसरी पाळी सुटल्यावर
उद्यमबागेतल्या चहाच्या गाड्याशी उभा राहून
मी उद्याचा रस्ता आखतो.
हाताला अजून कूलंटचा वास,
काचेवर बोटाचा तेलकट ठसा,
त्या ठशाखाली अनगोळ, हिंडलगा, सुळगा,
मग तुरमुरी, बाची, मग एक बारीक तुटक रेघ
आणि रेघेपल्याड शिनोळी.
प्रत्यक्षात तिथं फक्त डांबर बदलतं,
चाकाचा आवाज थोडा जाड होतो.

नकाशा विचारतो, कशानं जाणार?
मोटार आहे, मोटारसायकल आहे,
आगगाडीचं चित्रसुद्धा आहे,
आमच्या भागात सायकल तेवढी नाही.
म्हणून मी चालणाऱ्या माणसावर बोट ठेवतो.
तो निळ्या ठिपक्याठिपक्यांनी निघतो
कुणाच्याही परसातनं, ओढ्यातनं.
त्याला काय, त्याला टायर नाहीत.

लेथवर मी क्रँकशाफ्ट कातत असतो.
केसाच्या निम्म्यानं माप चुकलं
तरी अख्खी पेटी परत येते, वर बोलणी.
नकाशा एक पुरं शेत चुकतो
आणि चढ तर त्याच्यात नसतोच,
तो आपल्या मांड्यांत निघतो.

गेल्या भाद्रपदात बेळगुंदीच्या अलीकडं
त्यानं आम्हाला रताळ्याच्या वेलांत नेलं.
पुढं इराप्पा गुडसी, मागं मी.
फोनमधली बाई म्हणाली, सरळ जा.
सरळ विहीर होती.

एक म्हातारी वेल उचलून उलटे टाकत होती.
तिनं आमच्याकडं बघितलं, मग फोनकडं.
"ह्यात आमची हीर दिसतंय काय?"
नाही म्हटलं.
"आणि बांध?"
बांधही नाही.
"मग एवढं वाकून काय बघालायसा?"

इराप्पा गडबडला की त्याच्या तोंडी कानडी येतं.
"दारी इल्ल," तो म्हणाला.
मी मागं वळून पाहिलं,
कुणाच्या दारी कोण नाही म्हणतोय हा?
वीस वर्षं एका बाकावर डबा खातो आम्ही,
त्याची भाकरी जोंधळ्याची, माझी तांदळाची,
तरी त्याचा शब्द अजून
आधी माझ्या उंबऱ्याशी थांबतो
आणि मग आपल्या वाटेला लागतो.

म्हातारीला दोघांचंही कळलं.
हात मातीचे, म्हणून कोपरानं दाखवलं:
असं जावा, मग असं,
सातेरीचा गोठा उजव्या हाताला सोडायचा,
शेणाचा वास संपला की डावीकडं,
दोन घरं लागतील,
ज्याचं कुत्रं भुंकत नाही
त्याच्या मागनं वाट.

सायकली खांद्यावर घेऊन आम्ही वेल ओलांडले.
एकही वेल तुटला नाही
असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच रात्री ती वाट मी नकाशात घातली.
बोटानं ओढली, पुसली, परत ओढली,
बांधाचा कोपरा जसा आहे तसाच यावा म्हणून.
बायको म्हणाली, ओव्हरटाइम मिळतो काय ह्याचा?
शेवटी त्यानं वाटेचं नाव विचारलं.
इथं नावं रंगवून, पुसून, परत रंगवून
पाट्याच जाड झाल्यात,
आणि ही तर नुसती गोठ्यामागची वाट.
मी चौकट मोकळी ठेवली.
उत्तर आलं, तपासणी चालू आहे.

सात महिने झाले, चालूच आहे.
आता त्या रानातला मसूरही निघाला असेल,
विहिरीचं पाणी खाली गेलं असेल.
मी चहाचे पैसे देतो, पुन्हा बघतो,
ठिपके अजून विहिरीतच जातात.

तेवढ्यात इराप्पाचा निरोप:
साडेपाचला अनगोळ नाक्यावर.
बिस्किटाचा पुडा तू आण,
ते कुत्रं आता भुंकतंय.