जाळी पडेपर्यंत

चौतीस गळीत हंगाम मी उसाच्या रसाचा ब्रिक्स काढला.
पोलॅरिमीटरच्या नळीला डोळा लावून पाहिलं
साखर उजेडाला किती वळवते.
आकडा लिहायचा, खाली सही:
भू. आ. मगदूम, लॅब केमिस्ट.

आता तीच साखर सकाळी बोटाच्या टोकावर येते.
एक थेंब. दोनशे अकरा.
"यंदा रिकव्हरी चांगली आहे," मी म्हणतो.
त्रिशला हसत नाही.

आणि श्रुतिकाला गहू चालत नाही.
मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून
वर्गातल्या वाढदिवसांना ती
टाळ्या वाजवते, गाणं म्हणते,
केक कापायला लागले की
पाणी प्यायला बाहेर जाते.
नऊ वर्षांच्या पोरीला इतकी तहान लागत नाही.

म्हणून पोराने पुण्याहून हे यंत्र पाठवलं.
दोन तव्यांचं, चौकटी-चौकटींचं, बिजागरीचं.
सोबतच्या पुस्तिकेत पहिलीच ओळ: अंडी दोन.
त्रिशलाने ते पान दुमडून
पुस्तिका फ्रिजवर ठेवली, वाकून दिसणार नाही इतकी मागे.
वरून मध ओता, असं शेवटी होतं.
मध तर माझ्या पणज्यानेही चाखला नव्हता.

रविवार. विश्रामबागेतलं आमचं स्वयंपाकघर.
घड्याळात चार. जेवण दिवस मावळायच्या आत,
हा नियम यंत्रालाही लागू.
बाहेरून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या,
त्यांच्या स्पीकरवरची गाणी एकमेकींत अडकत.

पहिला नमुना: खोबऱ्याचं पीठ, दही, सोडा.
दोन्ही तव्यांना निम्मा-निम्मा चिकटला.
श्रुतिकाने जुन्या टूथब्रशने चौकटी घासल्या,
एकेक, दात घासावेत तशा.

दुसऱ्यात शेंगदाण्याचं कूट, किसलेलं पनीर,
आणि माझ्या रात्रीच्या ग्लासातलं इसबगोल.
सुटला. पण चावला तर बगॅस.
"आजोबा, बगॅस म्हणजे काय?"
"रस गेला की उरतं ते."
तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

पाच वाजून दहा.
त्रिशला इतका वेळ दारातच उभी होती.
काही न बोलता तिने चटणीचं जवस काढलं,
भाजलेलं नव्हे, कच्चं,
मिक्सरला लावून कोमट पाण्यात भिजवलं.
थोड्या वेळाने चमचा वर उचलला
तर तार आली.
चौतीस वर्षं मी पाकाचीच तार तपासत होतो.
"अनारशाला घाई केली की जाळी पडत नाही," ती म्हणाली,
"झाकण उघडून बघायचं नाही सारखं."

आम्ही तिघं यंत्रासमोर गप्प,
कडेने वाफ निघताना.
वाफ थांबली.

आणि तो सुटला. अख्खा.
बदामी, कडा कुरकुरीत, जाळी सरळ पडलेली.
"या खड्ड्यांत काय भरायचं?"
लोणी. दुसरं काय.
लोणी एका घरातून दुसऱ्या घरात उतरत गेलं
आणि ती बोटाने त्याच्या मागोमाग.

डावभर पीठ उरलं होतं.
त्रिशलाने ते तव्यावर पळीने पसरलं, उलटलं.
श्रुतिका ओरडली, "आजी, हा पॅनकेक!"
"पॅनकेक?" ती म्हणाली. "मग मी लग्नापासून
घावन म्हणून काय घालत होते?"
आता मात्र हसली.

सहाला पाच कमी. ताटं घासून झाली.
मी एक घास खूप वेळ तोंडात धरला होता,
गोडी शोधत, सवयीने.
नव्हती. खोबऱ्याची असेल थोडी,
की मीच धरून बसलो होतो.

हंगामाची जुनी वही काढली, कोरं पान मिळालं:

नमुना तिसरा.
जवस दोन चमचे, पाणी सहा, खोबऱ्याचं पीठ,
कूट, पनीर, दही, सोडा चिमूटभर.
ब्रिक्स: काढला नाही.
शेरा: पोरीने दोन खाल्ले.
पाणी मागितलं नाही.

खाली सही केली.
मग खोडून, तिघांची घेतली.